पंखे गप्प करण्याचा फुकटचा उपाय

११ ऑक्टोबर

पोहोचले एकदाची. निघताना बहिणीने बजावलं होतं की उत्तरेतल्या या हाउकिवारा गावात माणसांपेक्षा रेनडियर जास्त भेटतील. अजून दोन्हींपैकी कोणीच भेटलेलं नाही. घर मात्र झकास आहे. बाहेरून पिवळा रंग, दोन खोल्या, स्वयंपाकघरात लाकडाची चूल, अंगणाच्या टोकाला सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, आणि त्याच्यामागे तळं. भाडं इतकं कमी की सिनिक्काला, म्हणजे घरमालकिणीला, मी फोनवर दोनदा विचारलं की आठवड्याचं सांगतेयस की महिन्याचं. ती म्हणाली, घर तिच्या काकांचं, आर्ने मोइलानेन यांचं. ते गेल्यापासून रिकामंच आहे. कोणी चूल पेटती ठेवली तरी तिला पुरे.

मी पुस्तकं वाचते. मोठ्याने, पैसे घेऊन. गाडी चालवताना लोक ऐकतात त्या पुस्तकांतला जरासा घोगरा बाईचा आवाज माझा. तांपेरेत वरच्या मजल्यावर एक ढोलवाला राहायला आला आणि माझ्या पोटावर पाय आला, म्हणून ही पळापळ. इथे शांतता अशी आहे की बॅगेची चेन ओढली तरी आपणच दचकावं.

माझ्या नवऱ्याला, काउकोला, हे घर आवडलं असतं. तीस वर्षं मी त्याच्या घोरण्याला शिव्या घातल्या. आता झोपताना रेडिओ लावते.

१५ ऑक्टोबर

शांततेचा तोटा कळला. तांपेरेच्या गोंगाटात माझ्या संगणकाचा आवाज कधी जाणवला नव्हता. इथे तो पिठाच्या गिरणीसारखा वाटतो. पहिलं प्रकरण वाचून पाठवलं, तर प्रकाशनातून उलट निरोप आला की आवाज सुंदर, पण मागे कोण झाडू मारतंय?

संगणक मी जुन्या बाजारातून घेतला होता. आधीच्या मालकाला खेळांचा नाद असावा, कारण आत सगळे मिळून पाच पंखे. आवाज न करणारे नवे पंखे घ्यायचे तर महिन्याचं भाडं जाईल. पाणी फिरवून थंड करायची सोय तर विचारूच नका. मग शोधलं आणि एक फुकटचा प्रोग्रॅम सापडला. संगणकात कुठेकुठे तापमान मोजणारे सेन्सर असतात, त्यांची तो यादी दाखवतो. कुठल्या पंख्याने कुठल्या सेन्सरचं ऐकायचं आणि किती तापल्यावर किती वेगाने फिरायचं, ते आपण ठरवायचं. बोटाने आलेखाची रेघ खाली ओढली की पंखा मंदावतो. दुपारभर तेच करत बसले. मुलाच्या हाती पतंग दिल्यासारखं झालं माझं.

यादीत प्रत्येक सेन्सरला नाव आहे, प्रोसेसर, डिस्क वगैरे. शेवटच्या ओळीला नाव नाही. नुसता आकडा, चौतीस. बाकी सगळे त्याहून तापलेले. मी काय केलं, पाचही पंखे त्या थंड ओळीला बांधून टाकले. ती तापणार नाही, पंखे पळणार नाहीत. शहाणी माणसं असं करत नाहीत, पण वाचताना संगणकाला काम तरी काय असतं?

खोली शांत झाली. एकदम गप्प. मी स्वतःची पाठ थोपटली.

२० ऑक्टोबर

खिडक्यांच्या फटींना हिवाळ्याची कागदी पट्टी चिकटवली. हे काम मला मनापासून आवडतं. आईसारखीच मी पट्टी ओल्या फडक्याने दाबत जाते. वाचायच्या खोलीतल्या, हवेसाठीच्या पण घट्ट बसलेल्या अरुंद खिडकीची फटसुद्धा बुजवली, जुनी पट्टी सुटून तिच्यातून वारा शीळ घालायचा. खिडक्या उघडायची मूठ कॉफीच्या डब्यात सापडली. जुन्या घरांतली नेहमीची तऱ्हा, अख्ख्या घराला काढता-घालता येणारी एकच मूठ आणि ती भलत्याच जागी.

शेजारी आला होता, टोइवो हेइक्किनेन. ऐंशीच्या घरातला. चार कप कॉफी पिऊन चार वाक्यं बोलला. मला पोरी म्हणतो, बावन्नाव्या वर्षी बरं वाटतं. पट्ट्या बघून म्हणाला, पोरी, ती बारकी खिडकी तरी मोकळी ठेवायचीस, घराला नाक नको का? मी म्हटलं, नाक उघडं ठेवलं की घर शिंकतं आणि माझं वाचन वाया जातं. तो हसला नाही. आर्नेपण असाच होता म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला.

४ नोव्हेंबर

पहिला टिकणारा बर्फ पडला.

पंख्यांचं काहीतरी बिनसलंय. अगदी हलके चढतात, थांबतात, उतरतात. पुन्हा चढतात. आकड्याकडे पाहिलं, बिननावाची ओळ चौतीस, पस्तीस, पुन्हा चौतीस. तिच्याबरोबर पंखे. ठीक आहे, पंख्यांनी सावकाश दाद द्यावी अशी एक सोय प्रोग्रॅममध्ये आहे. ती वाढवली. फरक नाही. पेटीचं झाकण काढून विजेरीने आत पाहिलं. पुस्तिकेत दाखवलेले सगळे सेन्सर जागेवर आहेत. हा त्यात नाहीच. ओळ आहे, सेन्सर नाही.

इंटरनेटवरच्या मंचावर विचारलं. एकाने लिहिलं, असले भुताटकीचे आकडे पुष्कळांना दिसतात, काकू, दुर्लक्ष करा. मी काकू आहे, ते त्याला कसं कळलं कोण जाणे.

१२ नोव्हेंबर

मी वाचायला लागले की पंखे थांबतात.

योगायोग म्हणून आधी सोडून दिलं. आज मुद्दाम पारख केली. वाक्याच्या मध्येच थांबले. क्षणभर काही नाही. मग हलकेच चढ, हलकेच उतार, कोणीतरी अडवून धरलेला श्वास सोडावा तसा. पुन्हा वाचायला लागले. गप्प.

घाबरायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला गंमत वाटली. प्रकाशनातली मुलगी खूश आहे, म्हणाली, तुमच्या मागे आता सुईसुद्धा पडत नाही.

२५ नोव्हेंबर

उजेड दुपारीच आटोपतो. डाक नाही, फोन नाही. बहिणीने एक संदेश पाठवला, त्यात नुसता अंगठा.

हल्ली कामाचं वाचून झालं तरी मी वाचत राहते. आर्नेच्या फडताळात मासेमारीची जुनी मासिकं आहेत, ती वाचून दाखवते. कोणाला, ते लिहायला लाज वाटते. जेवायचं ताट त्याच खोलीत आणते. चांगला विनोद आला तर पंखे जरा पटकन चढतात. रेडिओ लावायचं मी कधी सोडलं, आठवत नाही. शेजारी कोणी श्वास घेत असलं की झोप लागते. मला दोन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

६ डिसेंबर

स्वातंत्र्यदिन. खिडकीत दोन मेणबत्त्या लावायची प्रथा, ती मी विसरले. अंधारी खिडकी दिसली म्हणून टोइवो स्कीवर चौकशीला आला. वेलदोड्याचे पाव घेऊन आला होता. वाचायच्या खोलीच्या उंबऱ्याशी आला आणि तिथेच थबकला. ऐकत राहिला. मग त्याने टोपी काढली.

मी म्हटलं, पंखे आहेत ते. तो म्हणाला, आर्नेचा शेवटचा महिनाभर मी याच खोलीत त्याच्या उशाशी बसून होतो, पोरी, तो असाच श्वास घ्यायचा. मला कशाला पंखे सांगतेस?

मग स्वयंपाकघरात बसून त्याने सांगितलं, चार वाक्यांपेक्षा बरंच जास्त. आर्ने गेला तो जानेवारीत. त्याने सरपण वाचवायला घरातली प्रत्येक फट पट्टीने बुजवलेली, ती बारकी खिडकीही. प्रेताला आंघोळ घालायला आलेल्या बायकांनी जीव बाहेर जावा म्हणून ती खिडकी उघडायला घेतली तर चौकट गोठलेली आणि मूठ कुठे ठेवली ते फक्त आर्नेला ठाऊक. वसंतात उघडू म्हणाल्या. वसंतात सिनिक्काने घराला कुलूप घातलं. टोइवो म्हणाला, त्याला कोणी बाहेर सोडलंच नाही.

काउको गेला तेव्हा इस्पितळातल्या परिचारिकेने आधी खिडकी उघडली आणि मग मला खुर्ची दिली. त्यात मला काहीच विशेष वाटलं नव्हतं. उघडतातच.

टोइवोने विचारलं, मूठ सापडली का? मी नाही म्हटलं.

कॉफीचा डबा त्याच्या कोपराशी होता.

२४ डिसेंबर

टोइवोने नाताळच्या खिरीला बोलावलं होतं. गेले नाही. तो दाराशी येऊन सांगून गेला की उद्या मुलीकडे औलूला जातोय, महिन्याने येईन. आणि म्हणाला, मूठ तुझ्याकडेच आहे, मला कळतं. तुला सोबत हवी असेल तर कुत्रा पाळ. आर्नेला जाऊ दे. माणूस अडकला की शेवटी धरतो कोणालातरी.

माझा संताप झाला. कोण हा मला शिकवणारा? याची मुलगी याला दर नाताळला नेते. माझ्याकडे काय आहे? तो वळणापलीकडे गेल्यावर मी डब्यातून मूठ काढली, पायरीवरून भिरकावून दिली. मऊ बर्फात पडल्याचा आवाजही आला नाही. मग आत येऊन नाताळची गोष्ट वाचली. पंखे शेवटपर्यंत गप्प होते.

वाचून झाल्यावर मात्र ते फार जोरात चढले.

४ जानेवारी

बाहेर उणे तीस. वाचताना धाप लागते. वाक्य पुरं होत नाही. आधी सर्दी वाटली.

सर्दी नाही. पंखे चढतात तेव्हाच माझी छाती भरते. उतरतात तेव्हाच रिकामी होते. मी मुद्दाम आधी श्वास घेऊन पाहिला. आत काही आलं नाही.

पूर्वी ते माझ्यासाठी थांबायचे. आता मी थांबते.

७ जानेवारी

संगणकाची तार भिंतीतून उपटली. पंख्यांची पाती हाताने धरून पाहिली. थंड, स्थिर.

श्वास चालूच. खोलीच्या मधोमध.

संध्याकाळी तार पुन्हा लावली. निदान आवाजाला काहीतरी कारण दिसावं.

९ जानेवारी

मूठ शोधली. फावड्याने पायरीसमोरचा बर्फ उकरला. छातीत हवा मावेना, गुडघ्यांवर बसले. त्यावर आणखी बर्फ पडलाय. वसंतात सापडेल.

पट्टी खरवडून काढली. मूठ बसते ती खिडकीची खुंटी पकडीने फिरवली. खुंटीच झिजली, पकड नुसती घसरते. काल घराचं दार उघडून बसले. दारातून थंडी आत आली. बाहेर काही गेलं नाही.

आर्ने, मला माफ करा. मला एकटं राहायचं नव्हतं. एवढंच होतं.

१० जानेवारी

श्वास सावकाश होतोय. त्याच्याबरोबर माझा.

आणीबाणीचा फोन लावला. पलीकडची बाई विचारत होती, काय झालंय? आवाजावर मी आयुष्यभर जेवले आणि तोंडातून शब्द फुटेना. ती शांतपणे म्हणाली, पत्ता दिसतोय, गाडी निघाली, रस्ता बर्फाने भरलाय, धीर धरा. मग म्हणाली, तुम्हाला बोलता येत नसेल तर तुमच्या शेजारी जे श्वास घेतायत, त्यांच्याकडे द्या फोन —

ठेवून दिला.

१० जानेवारी, नंतर

पडद्यावर यादी. बिननावाची ओळ. चौतीस.

तिच्याखाली आणखी एक. सकाळी नव्हती. तिलाही नाव नाही. छत्तीस. आत्ता पस्तीस — पुन्हा वर चढत नाही —

काच फोडायला मायक्रोफोनचा स्टँड उचलला. हात वर जाईना.

पंखे थांबलेत. वाट बघतायत, मी वाचावं म्हणून —

टोइवो, किंवा जो कोणी आधी येईल — मला उचलू नका, नाडी बघू नका — आधी ती खिडकी — दोघांसाठी — आधी खिड—