मधल्या दारासमोरचं कपाट

दिनांक ११ जून

धाकट्या भावा, आधी माफी. बाबा गेल्यापासून तुझ्याशी धड बोलले नाही आणि आता तोंड उघडते तेही मृत्युपत्रात. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आहे. भीतीपेक्षा थकवाच जास्त आहे.

मी, खाली सही करणारी, वय शेहेचाळीस, अविवाहित, जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती करणारी, शुद्धीवर आहे आणि हे कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. आत्मा प्रभूच्या हाती आहे. बाकीची व्यवस्था अशी:

१. कारखान्याचा माझा भाग व वरची खोली भावाच्या मुलीला. तिने बापाचा सल्ला ऐकावा, आईचा मानावा.

२. आरामखुर्ची वहिनीला. ती तिला 'म्हातारीची खुर्ची' म्हणाली होती. आता बसून बघावं.

३. रंधे, पटाशा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सुताराला. त्याने त्या उसन्या देऊ नयेत. मी दिलेल्यांची अजून वाट पाहते. सरसाचं भांडं मात्र भावाला. बाबा म्हणायचे, "सरस गरम आहे तोवर जोड बसव. निवल्यावर शिकंजा आवळून काय उपयोग?" प्रार्थनेत मनाला होणारी सूचना मला तशीच वाटत आली. अमक्या आजाऱ्याकडे जा, असं वाटलं की मी हातातलं काम टाकून उठायचे. एकच सूचना निवू दिली: भावाकडे जा. हा देवाचा आवाज की माझ्या एकटेपणाचा, हे पारखत बसले. पारखणं हे न जाण्याचं सभ्य नाव होतं, असं आता वाटतं. तेही नक्की सांगवत नाही.

४. बाबांचा पलंग विकण्यावरून भांडण झालं, तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, तुला माणसांपेक्षा लाकूड प्यारं." त्याच दिवशी मी हमालांकडून जड कपाट कारखान्यातून त्याच्या घरात जाणाऱ्या मधल्या दारासमोर लावून घेतलं. माझ्या मरणानंतर ते हलवावं, आणि मी क्षमा केली व मागितली, असं भावाला कळवावं.

इथवर वाचून साक्षीला आलेल्या पाळकसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, कळवायचं कोणी?"

"तुम्ही."

"आणि जायला सांगितलं होतं कोणाला?"

दुसऱ्या साक्षीदार, शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "देवाने आपल्याला धाडायचं आणि आपण साक्षीदाराला! अहो, तो भिंतीपलीकडे शिंकतोय, ऐका की."

मी उठले आणि भिंतीवर थाप मारली.

"अरे, जरा ये. कपाट सरकवायचंय."

पलीकडून आवाज आला, "कुठलं?"

"तुला माहीत आहे."

तो पुढच्या दाराने आला. मी कपाटाला हात घातला, तर म्हणाला, "तू धरू नकोस ताई. ऑपरेशन आहे ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"भिंत पातळ आहे."

पाठ केलेलं क्षमेचं वाक्य निम्मंच बाहेर आलं. "पुरे," तो म्हणाला, "पाळकसाहेब, तुम्ही ती बाजू धरा."

कलम ४ रद्द. हयातीतच अंमल झाला. बाकी कलमं कायम.

सही: मी, स्वहस्ते
साक्षीदार: १. मंडळीचे पाळक २. शिंपीण, शेजारीण
(भावानेही सहीसाठी पेन उचललं. वारसाची साक्ष चालत नाही म्हणून त्याला चहा टाकायला पाठवलं.)
स्थळ: कारखाना, मधल्या दाराजवळ

उद्या: दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालणे.