वर-खाली दाखवणारा काटा

मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

बोट बंद! इंजिन धडधाकट, टाकी भरलेली, डिंभ्याचं धरण काठोकाठ — आणि बोट बंद. का, तर माझ्या समोरच्या पाच काट्यांतला एक हलत नाही. मागची मोटर किती वर उचलली, किती खाली सोडली, ते दाखवणारा काटा. तो 'वर' म्हणून अडकून बसलाय. मोटर माझ्या मागे चार हातांवर असते. मान वळवली की दिसते. पण तपासणीच्या साहेबांना मान वळवायची नसते, काटा बघायचा असतो. एक जरी मीटर बंद असलं तरी बोट नादुरुस्त, प्रवासी बसवायचा नाही, म्हणाले. लाल शेरा मारला. बोट चालवणाऱ्या आमच्या सोसायटीचे चेअरमन चांगदेवभाऊ लगेच किल्ली खिशात घालून मोकळे.

दोन वर्षं मी ही बोट चालवतेय. साहेब स्वतः बोटीत चढताना माझाच हात धरून चढले.

सासूबाईंचा आज डायलिसिसचा वार. बोटीने पलीकडे वीस मिनिटं. बोट नाही तर घोंगडीची डोली, तीन तास डोंगर, मग जीप, मग मंचरचं हॉस्पिटल. चौघांनी उचलून नेलं. मशीन मिळालं, पण फार उशिरा.

बुधवार, ८ ऑक्टोबर

चेअरमननी घोडेगावहून गाड्यांचा वायरमन आणला. त्याने फ्यूज बदलला. काटा हलला नाही. बॅटरी बदलली. काटा हलला नाही. शेवटी म्हणाला, बोट सारखी पाण्यात असते ना, त्यामुळे होतं असं. एवढं शोधायला त्याला दुपार लागली. जेवून गेला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज नवं मीटर! चेअरमननी खास पुण्याहून मागवलं. बसवताना स्वतःचा फोटो काढून घेतला. नवा काटाही जुन्याच जागी जाऊन बसला — वर. हौशीरामबाबा बोटीचा दोर सांभाळतात, जन्म गेला त्यांचा धरणावर. ते म्हणाले, "आंधळ्याला नवा चष्मा दिला म्हनायचं."

चेअरमनना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

पुन्हा डोली. चढणीला सासूबाईंना उलटी झाली. दिवसाला तीन पेले पाणी, एवढीच परवानगी त्यांना, आणि दारात अख्खं धरण. उचलणारे चौघे घाई करत होते. तर त्या डोलीतून म्हणतात, "सावकाश चला रं. मी अजून मेले न्हाई."

चौघेही हसले. मला हसू आलं नाही. बाईचं तोंड माझ्यावर कायम सुटलेलं, पोळीपासून पदरापर्यंत. तरी आज ती दुमडलेली घोंगडी बघवेना. दोन-चार वेळा असं नेलं तर त्या टिकायच्या नाहीत. मला भीती वाटते.

शनिवार, ११ ऑक्टोबर

चेअरमनकडे गेले, किल्ली मागितली. बाईमाणसाने वायरीत हात घालू नये असं ते तोंडाने बोलले नाहीत. चेहऱ्याने बोलले. पण दिली.

बोटीच्या ट्रेनिंगची वही काढली. मोटरची उंची मोजणाऱ्या सेन्सरकडून येणारी वायर मीटरच्या मागून सोडवली. काटा जागचा हलला नाही. वायर सुटलेली ती जागा दुसऱ्या वायरच्या तुकड्याने बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली — काटा सरसर खाली! म्हणजे मीटर ठणठणीत. जुनं लावून बघितलं, तेही ठणठणीत. म्हणजे दोन दिवस या लोकांनी जे जे बदललं ते सगळं चांगलं होतं. दोष पार मागे, मोटरपाशी. सेन्सर तरी गेलाय किंवा त्याची वायर तरी.

रविवार, १२ ऑक्टोबर

सापडलं!

मोटर पूर्ण वर उचलली आणि खाली आडवी होऊन बघितलं. मोटर ज्या लोखंडी पकडीत बसते तिच्या आतल्या बाजूला काडेपेटीएवढा सेन्सर. त्यावर हळद. त्यावर कुंकू. आणि वायरीच्या बेचक्यात नारळाच्या करवंटीचा तुकडा.

खंडेनवमीला चेअरमननी बोटीची पूजा केली. फोटोत नीट यावी म्हणून मोटर वर उचलायला मला त्यांनीच सांगितलं. मग जिथे जाड लोखंड दिसलं तिथे नारळ हाणला! एका घावात फुटला म्हणून टाळ्याही पडल्या. वायर त्याच घावात चेपली. वरून शाबूत, आतून तुटलेली. सेन्सर वाचला, ही देवाची कृपा म्हणायची.

संध्याकाळी चेअरमनना जाऊन सांगितलं. आधी म्हणाले, नारळाने कधी काही बिघडत नसतं. मी तुकडा समोर ठेवला. त्यांनी तो उचलून खिशात टाकला आणि कुठे बोलू नका म्हणाले. प्रसाद म्हणून खाल्ला असता त्यांनी तो, करवंटी होती म्हणून वाचली.

सोमवार, १३ ऑक्टोबर

घोडेगावच्या मोबाइलवाल्याकडून सोल्डरिंगचं यंत्र आणलं. चेपलेला भाग कापला, वायर जोडली, वर रबरी नळी चढवली. मग मोटर पूर्ण खाली सोडली, सेन्सरचे दोन स्क्रू ढिले केले, काटा अगदी तळाला येईपर्यंत सेन्सर फिरवला, स्क्रू आवळले. बटण दाबलं.

हलला. वर. खाली. वर. खाली. एकटीच बोटीत बसून हसत होते. हे मी केलं! नवऱ्याला चाकणला फोन लावला तर तो म्हणे, कुठला काटा?

गुरुवार, १६ ऑक्टोबर

साहेब आले. दहा वेळा बटण दाबलं. दहाही वेळा मान पुढेच. 'सर्व उपकरणे सुस्थितीत.' हिरव्या शाईने सही. चेअरमननी साहेबांना सांगितलं, आम्ही रात्रीचा दिवस केला. आम्ही!

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सासूबाई बोटीने गेल्या. वीस मिनिटं. वाटेत झोपल्या.

शनिवार, २५ ऑक्टोबर

साहेबांच्या ऑफिसातून पत्र आलं. चेअरमननी सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचलं. येडगावच्या धरणावर जलमहोत्सव भरणार आहे. पाहुण्यांना फिरवायला बोट पाहिजे. सगळ्या बोटींची कागदपत्रं तपासली, तर एकूण एक काटा चालू असलेली एकच — आमची. मंगळवारी सकाळी ट्रॉली घेऊन येणार. महोत्सवानंतरही 'पुढील आदेशापर्यंत' बोट तिकडेच. नादुरुस्त बोट पाठवू नये, पाहुण्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, असंही खाली लिहिलंय.

मी विचारलं, मग आमच्या पेशंटचं काय? चेअरमन म्हणाले, "नूतनताई, तालुक्याच्या मानाची गोष्ट हाये. असं रडू नका." निमंत्रणपत्रिकेत त्यांचं नाव आहे. मी रडत नव्हते.

घरी सांगितलं. सासूबाई तिसरा पेला पुरवून पुरवून पीत होत्या. म्हणाल्या, "चालता बैलच बाजारात नेत्यात, बाई. बसक्याला कोन इचारतंय?" मग माझ्या हाताकडे बघितलं, सोल्डरिंगने बोट भाजलं होतं तिकडे. भांड्यांना राख नको लावू त्या हाताने, म्हणाल्या. लग्नाला अकरा वर्षं झाली, असं कधी बोलल्या नव्हत्या.

रविवार, २६ ऑक्टोबर

सोमवारी माझा सत्कार आहे म्हणे. शाल आणि नारळ. उत्तम काम केल्याबद्दल.

सोमवार, २७ ऑक्टोबर

शाल घेतली. घसा बसलाय म्हणून भाषण केलं नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

सकाळी सातला ट्रॉली आली. नेण्याआधी साहेबांच्या माणसाने बटण दाबलं. काटा हलला नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा नाही. लाल शेरा मारून रिकामी ट्रॉली घेऊन गेले. चेअरमननी किल्लीसाठी हात पुढे केला. म्हटलं, दुरुस्ती मलाच करायची आहे ना, राहू दे माझ्याकडे. किती दिवस लागतील, त्यांनी विचारलं. सांगता येत नाही, म्हटलं. पाण्यात ट्रायल घेत घेतच दोष सापडतो. ट्रायल दर मंगळवारी आणि शुक्रवारी.

वायर काल सत्कारानंतर मीच कापली. आत्ता अकरा वाजलेत, मंचरला बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. सासूबाई आत मशीनवर आहेत, वेळेत पोचल्या.