जेवणानंतरची गोळी

जवळा बाजार
१२ सप्टेंबर २००२

प्रिय पंचफुला,

सप्रेम जयभीम. अक्षर सूनबाईचे, करुणाचे आहे, शब्द माझे. नात पल्लवीकडून मोठ्याने वाचून घे.

परवा सकाळी उठलो तेव्हा उजव्या डोळ्यासमोर राखाडी धूर होता. वेदना नाही, लाली नाही. डाव्यात मोतीबिंदू जुनाच. ग्रंथ वाचत होतो तो उजव्यानेच. डोळा धुतला, पुन्हा धुतला. सायंकाळी विहारात वर्षावासाचे, पावसाळ्याच्या तीन महिन्यांचे ग्रंथवाचन होते, म्हणून गेलो आणि पाठ होते ते म्हणत राहिलो. पुढे बसलेला जळबा म्हणाला, "गुरुजी, पान उलटा की! घंटाभर झाला, एकाच पानावर काहून बसून राहिले?" मंडळी हसली. मीही हसलो असेन.

काल करुणाने नांदेडला नेले. पडद्यातले रक्त परत नेणाऱ्या मुख्य नसेत गुठळी बसली आहे; मागे रक्त साचून पाझरले आहे. रक्तदाब दोनशे दहा. नजर कितपत परतेल, डॉक्टरांना सांगता येत नाही. डोळाही अनित्य आहे, हे मी तीस वर्षे लोकांना सांगत आलो. ते ऐकताना मात्र मनात काहीच उमटले नाही. बाहेरच्या बाकावर बसून करुणाने दिलेले केळे खाल्ले.

डॉक्टरांनी विचारले होते, रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? आषाढी पौर्णिमेपासून मी अष्टशील पाळतो आहे. दुपारनंतर अन्न नाही. चिठ्ठीवर लिहिले होते, रात्री जेवणानंतर. जेवण नाही, म्हणून गोळी नाही. सात आठवडे. आजारी भिक्खूलाही औषधाची मुभा आहे, हे विहारात मीच कित्येकदा समजावले आहे. माझ्या गोळीशी त्याचा संबंध मला लागला नाही.

त्या पौर्णिमेला तूही इथेच शील घेतलेस आणि विचारलेस, "दादा, मंग माही रातची गोळी?" मी म्हणालो, जेवणच नाही तर गोळी कशाची? तू मान डोलावलीस. माझा शब्द तू कधी मोडत नाहीस. कुरुंद्याचा फोन लागत नाही, म्हणून शेजारच्या रणजीतला हे पत्र देऊन एसटीने पाठवतो आहे. ऐकताच पल्लवीसोबत दवाखान्यात जा, रक्तदाब मोजून घे, गोळी आजच विचारून सुरू कर. त्याआधी एकेक डोळा झाकून समोरची भिंत पाहा. दोन्हींनी दिसते की नाही, एवढे पल्लवीकडून एका ओळीत लिहवून रणजीतजवळ दे. तो परत येईपर्यंत मी ओसरीवरच बसून आहे.

तुझाच दादा,
ग्यानोबा