समोर भावजींची खाट

तुंगार्ली,
१४ डिसेंबर २०२४

ती. गं. भा. विठाआक्का हिस,
धाकट्या शालनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर सगळं घर ऐकत बसतं, म्हणून पत्र लिहून तुझ्या लेकाकडे, कैलासकडे देतेय.

गुडघा बदलून तुला वीस दिवस झाले. गेल्या वर्षी माझा बदलला तेव्हा मी किती रडले, ते तू पाहिलंस. पण टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा दाबणं, पाय ताठ उचलणं, टाच मागं ओढणं, दिवसातून तीनदा, एकही दिवस चुकवलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, पहिले तीन महिने काय ते. नंतर आखडला तो आखडला. मरेपर्यंत कुणाचा हात धरून संडासला जायचं नाही, म्हणून तर तू ऑपरेशनला तयार झालीस. तेव्हा कुचराई केलीस तर धाकटी असून येऊन कान पिरगाळीन.

रागावले तरी माया आहेच, तुझीही असू दे.
शालन

तिकोणा पेठ,
२ जानेवारी २०२५

चि. सौ. शालन हिस आक्काचा आशीर्वाद. आमी हितं बरे, तुमी बरं असावं.

खोटं कशाला लिहू, व्यायाम हुईना. दुखतंय म्हणून न्हाई. खाली निजता येत न्हाई, तर कैलासनं मला बाहेरच्या खोलीत पलंग टाकून दिला, अन् समोरच थोरल्या भावजींची खाट. दम्यापायी ते थंडीत उंबऱ्याबाहेर जात न्हाईत. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर पाय पसरून कशी बसू? चाळीस वर्सं त्यांच्याम्होरं पदर ढळू दिला न्हाई, की समोरासमोर बोलले न्हाई. गुडघ्याखाली उशी घेऊन, पाय मुडपून, वर गोधडी ओढून बसते. व्यायाम शिकवायला कोमल म्हणून पोरगी येते, तिला आत्ताच करून झाला, रोज करते म्हणून सांगितलं.

कैलासला सांगशील तर माझी शपथ हाय. लोक म्हणतील, म्हातारपणी थोरल्याला खोलीतनं काढलं.

लोभ हाय तसा ऱ्हाऊ दे.
विठाबाई

तुंगार्ली,
६ जानेवारी २०२५

ती. आक्कास शालनचा नमस्कार.

शपथ घालून तू माझं तोंड बांधलंस. निदान मधे जुनी साडी तरी आडवी टांग. आणि ती उशी आधी काढ, गुडघा तसाच वाकडा राहील. मला फार भीती वाटते गं. पण सांगणार नाही कुणाला.

तुझीच,
शालन

तिकोणा पेठ,
१६ मार्च २०२५

चि. सौ. शालन हिस आशीर्वाद.

साडी टांगली न्हाई. ती कुणापायी टांगली, हे भावजींना कळलं असतं.

काल डॉक्टरांनी पाय दाबून बघितला. सरळ व्हईना, धड मुडपंना. आतून चिकटलाय म्हणाले. भूल देऊन वाकवून बघू, पण लय उशीर झाला, खात्री न्हाई. कैलासनं खोदून इचारलं, तवा सांगावंच लागलं.

त्यानं घरी येऊन भावजींना सांगितलं. ते धापा टाकत सोताच खाट ओढत गोठ्यात गेले. मग कैलासकरवी मला इचारलं, की पहिल्याच दिवशी का न्हाई सांगितलं, तवाच गेलो असतो.

सून अनिता मला धरून संडासला नेते. चिडत न्हाई बिचारी, त्यानं जास्तच रडू येतं. आता दिवसभर खोली माझी एकटीची. दार लावते, पाय पसरायला बसते. पाय पसरत न्हाई.

तू शपथ पाळलीस. मोडली असतीस तर बरं झालं असतं, शालन.

तुझी माया असू दे.
आक्का