पत्र्यामागचे चार खांब

देवपूर, धुळे
११ जानेवारी २०२६

चि. चारूस,
अनेक उ. आ.

तुझी अट मान्य. तुझ्या नोकरीच्या पार्काबद्दल फोनवर चकार शब्द नाही, जे काय ते कागदावर. तुमच्याकडे केळ्याच्या आकाराची घसरगुंडी होणार हे मी महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आणि ते फिरत फिरत तुझ्याच मॅनेजरच्या मोबाइलवर जाऊन आदळलं, त्याला मी काय करू? पण तुला बोलणी बसली हे मनाला लागलं बाई. पत्र फॉरवर्ड होत नाही हे तुझं म्हणणं पटलं. टपालाच्या भरवशावर मात्र मी राहणार नाही. आपला प्रेमराज कंडक्टर धुळे-जळगाव गाडीवरच आहे. तो माझं पत्र जळगाव स्टँडवर तुझ्या हातात देईल आणि तुझं उत्तर घेऊन येईल. मी एसटीतून रिटायर झाले असले तरी डेपोत अजून माझं चालतं.

आता मुद्द्याचं. पारोळा सोडून एरंडोलकडे निघालं की तुमची रंगतनगरी लागते. तिच्या मागच्या कोपऱ्याला दिवाळीपासून निळे पत्रे ठोकलेत आणि वर बोर्ड लटकतोय, 'लवकरच'. हे लवकरच म्हणजे केव्हा ते सांग. पत्रे उंच आहेत, पण एसटीची खिडकी त्याहून उंच. प्रेमराजनं परवा चांगली मान वळवून पाहिलं. आत चार पिवळे खांब उभे राहिलेत म्हणे, दुमजली घराएवढे. त्याच्या ड्रायव्हरचं मत आकाशपाळण्याचं पडलं. एक पॅसेंजर म्हणाला मोबाइलचा टॉवर आहे. आता टॉवरला कोणी पिवळा रंग देतं का? धुळ्याला बठ्ठ्या डेपोत हाच विषय शे. (हस, माझ्या माहेरच्या आसोद्याच्या माणसांना माझं सासरचं 'बठ्ठ्या' नि 'शे', म्हणजे तुमचं 'सगळ्या' नि 'आहे', ऐकून हसूच येतं.)

मी उगाच विचारत नाहीये. डॉक्टर दोन्ही गुडघे बदलायचे म्हणतो. आणि एकदा बदलले की सहा महिने तरी कुठल्या पाळण्यात बसायचं नाही असंही म्हणतो. दिवाळीत तुझ्या पासवर मी त्या गरगरणाऱ्या पाळण्यात तीनदा बसले होते, आठवतं ना? तुझा बाप जितू खाली उभा राहून देवाचं नाव घेत होता आणि मी वरून ओरडत होते. तर नवीन जे काय आहे, त्याच्या पहिल्या फेरीत मला बसायचंय. उन्हाळ्यात उघडणार असेल तर ऑपरेशन नंतर. दिवाळीला असेल तर आत्ताच उरकते. तू फक्त तेवढं सांग.

पत्राची वाट डेपोच्या बाकावर बसून बघणारी,
तुझी आत्या यशोदा

*

पिंप्राळा, जळगाव
१५ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

प्रेमराजकाकांनी पत्र दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत तिथंच उभे राहिले. गाडीची वेळ झाली तरी हलेनात. मी चेहरा दगडासारखा ठेवला. शेवटी त्यांनीच विचारलं, आकाशपाळणा ना? मी त्यांना तिळगूळ दिला आणि गोड बोला म्हटलं.

आत्या, मी सांगू शकत नाही गं. केळीच्या प्रकरणानंतर मॅनेजरनी मला समोर बसवून शब्द घेतलाय. जूनपर्यंत मी प्रोबेशनवर आहे. आणि खरं सांगू का, नुसत्या भीतीपोटी नाही. मला या कामाची फार मजा येतेय. रोज सकाळी कंपनीच्या गाडीतून उतरले की आधी त्या पत्र्यांमागे जाऊन येते. आजपर्यंत आम्ही पुण्या-मुंबईकडचे पाळणे बघायला गेलो. हे आत जे आहे ना, ते बघायला तिकडचे लोक इकडे येतील! बस्स, याच्यापुढे माझी लेखणी थांबली.

तू अंदाज कर, भरपूर कर. आमच्या पेजवर लोक काय काय लिहितात ते वाचून आम्ही जेवताना हसतो. एकानं लिहिलं की भरताची जगातली सगळ्यात मोठी कढई बसवतायत. दुसऱ्यानं त्याखाली विचारलं, कळण्याची भाकरी तिकिटात की वेगळी?

गुडघ्याचं मात्र मनावर घे. पप्पाही काळजीत आहेत.

तुझे रागाचे आशीर्वादसुद्धा चालतील, पाठवत राहा.
तुझी चारू

*

देवपूर, धुळे
१ फेब्रुवारी

चि. चारूस,
अनेक उ. आ.

तू फारच पक्की निघालीस. माझ्या भावाच्या पोटी अशी घट्ट तोंडाची पोरगी कशी काय आली? जितूला तर लहानपणी चोरून खाल्लेली गोष्टसुद्धा लपवता येत नव्हती.

पण मीही गप्प बसलेली नाही. प्रेमराजनं नवीन बातमी आणली. खांबांवर आता आडवी तुळई चढलीय. म्हणजे आकाशपाळणा बाद, त्याला चाक लागतं. शिवाय बाहेर संडासाच्या फरशा उतरवताना दिसल्या. ज्या अर्थी फरशा आत्ता येतायत, त्या अर्थी २६ जानेवारी हुकली ती उगीच नाही, आणि गुढीपाडवाही हुकणार. राहिली उन्हाळ्याची सुट्टी आणि दिवाळी. ड्रायव्हर म्हणाला अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला करतील. मी त्याला वेड्यात काढलं. आखाजीला अख्ख्या खानदेशातल्या लेकी माहेरी निघतात, गाडीत पाय ठेवायला जागा नसते, त्या गर्दीत कोण उद्घाटन करतं? मला विचारा. कंडक्टर झाल्यापासून एका आखाजीला मला रजा मिळाली नाही. सगळ्यांच्या लेकी मी माहेरी पोचवल्या आणि आसोद्याच्या फाट्यावरून डबल बेल मारून पुढं गेले. फाट्यावरून कडुलिंबाला बांधलेले झोके दिसायचे. असो.

तर आता एक युक्ती सांगते. तुला एक अक्षर सांगायला नको. उन्हाळा असेल तर पत्राखाली चारू अशी सही कर, दिवाळी असेल तर चारुलता. शब्दही मोडला नाही आणि आत्याचंही काम झालं. डॉक्टरला मी चार वेळा टोलवलंय. तो म्हणतो उशीर केला तर पाय वाकडे होतील. मी म्हटलं, तारीख कळली की लगेच.

युक्तीचं कौतुक करायला विसरू नकोस,
तुझी आत्या

*

पिंप्राळा, जळगाव
५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

युक्ती भारी आहे. अशा डोक्याची बाई एसटीत तिकिटं फाडत होती, हे सरकारचं नुकसान. पण मी सही वेगळीच करणार आहे.

आत्या, संक्रांतीनंतर मी धुळ्याला आले होते, तेव्हा तू जिना बसून बसून उतरत होतीस. एकेक पायरी, हातावर जोर देऊन. मला बघितलंस आणि काहीतरी पडलेलं शोधतेय असं दाखवलंस. मीही तुझ्याबरोबर शोधल्यासारखं केलं. बाहेर येऊन रडले.

म्हणून आज एवढंच लिहिते. पार्क उन्हाळ्यात काय करतं नि दिवाळीत काय करतं, ते सोड. ऑपरेशन आत्ता कर. याच महिन्यात. माझ्या शब्दाला तुझ्याकडे काही किंमत असेल तर याच्यापुढे एक दिवस ढकलू नकोस. रजा टाकून मी येते, दवाखान्यात तुझ्याजवळ राहते.

तू चालायला लागलीस की मला सगळं मिळालं.
तुझी हट्टी भाची

*

देवपूर, धुळे
८ फेब्रुवारी

चि. चारूस,
अनेक उ. आ., आणि वर एक जास्तीचा.

कळलं! सगळं कळलं! तू काही बोलली नाहीस आणि मी काही ऐकलं नाही. 'आत्ता कर', म्हणजे दिवाळी! शाबास माझी वाघीण. शब्द पाळलास आणि आत्यालाही अंधारात ठेवलं नाहीस. ही गोष्ट मी ग्रुपवर टाकणार नाही, प्रेमराजला सांगणार नाही, सुनेलाही नाही. तोंडाला कुलूप.

२४ तारीख पक्की केली. दिवाळीपर्यंत मी पळायला लागेन. पहिल्या फेरीत पुढची जागा माझी. साडी नको, पंजाबी ड्रेस घालते.

नवीन गुडघ्यांची वाट बघणारी,
आत्या

*

देवपूर, धुळे
६ एप्रिल

चि. चारुलतास,

आशीर्वाद नंतर बघू.

काल तुमच्या पेजवर आलं. सुनेनं वाचून दाखवलं, मी तिला दोनदा वाचायला लावलं. आखाजीला सुरू! १९ एप्रिलला! आणि पत्र्यामागून निघालं काय, तर झोका! चार खांबांचा, वीस बायका एका फळीवर उभ्या राहून चढवतील असा, जगात नाही एवढा मोठा आखाजीचा झोका!

चारू, अगं झोका! सगळं डोक्यात आलं होतं माझ्या, कढईसुद्धा आली होती, हे आलं नाही. आनंदानं मी वॉकर सोडून टाळ्या वाजवायला गेले आणि सुनेनं धरलं म्हणून वाचले. मग एकदम लक्षात आलं. सहा महिने कुठल्या पाळण्यात बसायचं नाही.

तुला तारीख माहीत होती. तू 'आत्ता कर' लिहिलंस, मी दिवाळी समजले, उत्तरात तसं लिहिलंही. दवाखान्यात आठ दिवस माझ्या उशाशी बसलीस, केस विंचरलेस, मोसंबीचा रस पाजलास, आणि मी दिवाळीच्या गप्पा मारत होते तेव्हा मान डोलावत होतीस. नोकरीत एक आखाजी मिळाली नाही मला. आता मिळाली तर पाय नाहीत. दुसरं काही असतं तर मी सोडलं असतं गं. झोका होता.

रागावलेली,
यशोदा

*

पिंप्राळा, जळगाव
८ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. पाय धरून.

हो, मला तारीख माहीत होती. तुझा गैरसमज झालाय हेही कळलं होतं. मी तो दूर केला नाही. तारीख सांगितली असती तर तू आखाजीपर्यंत थांबली असतीस, वाकड्या पायांनी त्या फळीवर उभी राहिली असतीस आणि पडली असतीस. दवाखान्यात मान डोलावताना मी तुझ्याकडे न बघता मोसंबी सोलत होते. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा मान डोलावीन. तुला झोका यंदा नाही तर पुढच्या आखाजीला मिळेल. पाय एकदा गेले की गेले.

आता तारीख फुटलीच आहे, तर एक सांगते. गेल्या पावसाळ्यात मॅनेजरनी सगळ्यांना विचारलं होतं, आपल्याकडचं असं काय आहे जे दुसरीकडे नाही? कोणी केळी म्हटलं, कोणी शेवभाजी. मी आखाजीचा झोका म्हटलं, आणि फाट्यावरून झोके बघत पुढं जाणाऱ्या एका कंडक्टरबाईची गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं.

१९ ला सकाळी पप्पा गाडी घेऊन येतील. यायचंय. बसायला नाही, तुझं तिथं एक काम आहे. काय ते विचारू नकोस, मी सांगणार नाही. ते तर तुला आता माहीतच आहे.

रागावून का होईना, ये.
तुझी चारू

*

आसोदा
२० एप्रिल

चि. चारूस,
अनेक उ. आ., मागचे राहिलेले धरून.

काल तू इतक्या धावपळीत होतीस की धड बोलणं झालं नाही. रात्री जितूनं मला इथंच ठेवून घेतलं. किती वर्षांनी आखाजीला मी माहेरी झोपले! वहिनीनं खापरावरचे मांडे केले, रस केला, आणि मी इतकं खाल्लं की डॉक्टरला सांगायची सोय नाही. म्हणून हे पत्र आसोद्याहून. दुपारी जळगाव स्टँडवर जितू हे प्रेमराजच्या हातात देईल, तो जाता जाता तुला पार्काच्या दारात देईल.

काल जितूनं मला काठीनं चालवत त्या खांबांपाशी आणलं तेव्हा माझी मान वरच जात राहिली. एवढं मोठं! फळीवर बायका उभ्या होत्या, पट्टे बांधलेल्या, कोणी नऊवारी, कोणी जीन्स. सगळ्या माहेरवाशिणी. त्यांना बघून मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. डोळे भरले होते. तेवढ्यात तू माझा हात धरून झोका सोडायचा इशारा देणाऱ्याच्या केबिनपाशी नेलंस आणि वर बोट दाखवलंस. छताला घंटी, घंटीला दोरी. अगदी आपल्या जुन्या एसटीसारखी. भोंगा वाजवून सुरू करायचा बेत होता, आपल्या बायका भोंग्यावर नाही, डबल बेलवर निघतात असं तू मॅनेजरला पटवलंस, हे मला तुझ्या मॅनेजरनंच सांगितलं. बरा माणूस आहे. त्याला दिलेले शिव्याशाप मी मागं घेतले.

मी आधी चौकशी केली की सगळ्या नीट उभ्या आहेत का, कोणी राहिलं का खाली. सवयच ती. नवीन गुडघे घट्ट रोवले आणि काठी जितूकडे दिली. जितू घाबरला, पण मी सरळ उभी होते चारू, एवढी सरळ मी गेल्या दहा वर्षांत उभी राहिले नव्हते. तुझं तू बरोबर केलंस. पुढच्या वर्षी फळीवर माझी जागा धरून ठेव, मधली, तिथून जोर चांगला देता येतो.

मग दोरी दोनदा ओढली. बायकांनी एकदम गाणं उचललं आणि फळी निघाली. इतकी वर्षं माझ्या बेलवर गाडी पुढं जायची. काल पहिल्यांदा वर गेली.

माया आहे ती अशीच राहू दे, आणि तोंडही असंच घट्ट राहू दे.
तुझी आत्या

ता. क. प्रेमराजचा सकाळी फोन आला, काल परत जाताना त्याला त्या केळ्याच्या घसरगुंडीमागे नवे पत्रे दिसले, हिरवे. काय आहे ते मी विचारणार नाही. पण उन्हाळा असेल तर चारू, दिवाळी असेल तर चारुलता.