जिन्यातला उजेड

३ फेब्रुवारी
बाबांचा लाइट मीटर आज जिन्यातल्या दिव्याखाली धरला. काटा बावीसवर! शंभर हवा होता. अशा जिन्यावरून माणूस पडणार नाही तर काय! ते सांगतच होते, "जिन्यात अंधार आहे." आम्ही हसायचो. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले, आता मीटर बनवायचं खूळ! आज सव्वीस दिवस झाले त्यांना जाऊन.

४ फेब्रुवारी
घरमालकाला फैलावर घेतलं. "तुमच्या मिणमिणत्या दिव्यानं माझ्या बापाचा जीव घेतला!" तो म्हणाला, "ताई, शपथेवर सांगतो, दिवा चांगला आहे." चोराच्या उलट्या बोंबा! तक्रार करणारच. आधी मीटर खरा आहे हे दाखवायला हवं.

६ फेब्रुवारी
बाबांच्या वहीतलं सर्किट कॉम्प्युटरवर मांडलं. कॉम्प्युटरला उजेड कुठून आणायचा? म्हणून उजेडाचा करंट करणाऱ्या फोटोडायोडच्या जागी नुसता करंट द्यायचा — शंभर लक्स उजेडाला एक मायक्रोअँपिअर, वहीत लिहिलंय. तो मोठ्या रेझिस्टरमधून गेला की व्होल्टेज तयार होतं, त्यावर काटा हलतो. रेझिस्टर मोठा, तर काटाही जास्त हलणार. मी करंटची दिशाच उलटी दिली, उत्तर उणे आलं. बाबा म्हणाले असते, "घाई, घाई!" खूप रडले.

७ फेब्रुवारी
आई आजही नीट जेवली नाही.

८ फेब्रुवारी
शेजारच्या फोटोग्राफरकाकांचा मीटर मागून आणला. टेबलावरच्या दिव्याखाली तो म्हणतो शंभर. कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशनही शंभर. बाबांचा — बावीस!
उघडून पाहिला. वहीत रेझिस्टर दहा लाख ओहमचा, आत मात्र दोन लाख वीस हजारांचा. तिथलं सोल्डर पुन्हा पुन्हा वितळवलेलं. बाबा आणि अशी चूक? शक्यच नाही.

९ फेब्रुवारी
वहीच्या शेवटच्या पानावर सापडलं. अक्षर मोठं, ओळ सोडून खाली घसरलेलं. "जिन्यात मीटर शंभर दाखवतो. मला तर पायरी दिसत नाही. मीटरच चुकतोय. रेझिस्टर कमी केला." खाली आठवड्यानंतरची तारीख — "अजून जास्तच दाखवतो. आणखी कमी केला."
काकांचा मीटर घेऊन जिन्यात गेले. शंभरला दोन कमी.
दिवा ठीक होता. मीटरही मुळात ठीक होता. जन्मभर बिघाड यंत्रात शोधला त्यांनी, स्वतःच्या डोळ्यांवर संशय कसा येणार? आणि आम्ही दोघी घरात असून आम्हाला कळलं नाही!
घरमालकाची माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या ताई." मान वर करून बघवेना.

१० फेब्रुवारी
आज भांडी घासताना आठवलं. डिसेंबरात बाबा रेझिस्टर घेऊन माझ्या दारात आले होते; तो किती ओहमचा ते त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं. "जरा बघ गं, हा पट्टा लाल की तपकिरी?" मी फोनवर होते. वर न बघताच म्हटलं, "बाबा, चष्मा पुसा!"
ते तिथेच उभं राहून चष्मा पुसत राहिले.