गादीखालचा चार्जर

मंगळवार, संध्याकाळ. बोईसर.

खोलीत गादी एकच. मी रात्रपाळीहून आलो की सुनील दिवसपाळीला जातो, त्यामुळे गादी कधी गार होत नाही आणि चार्जर कधी निघत नाही. आज दुपारी तो गादीखाली वितळला. कापसातून धूर निघाल्यावर जाग आली. बटण बंद करून बादली ओतली. सुनील आल्यावर म्हणाला, "वाचलास लेका, आता मी झोपतो ओल्यात."

ठीक आहे. पण स्टेशनबाहेरचा तसलाच चार्जर मी गावी आईला दिलाय. तिच्याही उशाशीच असतो.

लगेच फोन केला. आये, तो काढून टाक, आग लागते.

"मग तुझा फोन कसा यायचा?"

चांगला पाठवतो म्हटलं. काढलास का, काढलास का, विचारत राहिलो. ती प्रत्येक वेळी म्हणाली, "तू जेवलास का?"